फायबर बोटीचा निळा जेलकोट पांढरा पडलाय: घासून चमक परत येईल, की नवीनच मारावा?

किनाराकर

नमस्कार मंडळी. तारकर्लीला पर्यटक फिरवणारी २२ फुटी फायबर बोट आहे, वय साधारण दहा वर्षं. बाहेरून गडद निळी, आतून पांढरी. पावसाळ्यासाठी ओढून मांडवाखाली घेतली आहे, वर ताडपत्री आहे.

बाजूंवर हात फिरवला की निळसर पांढरी भुकटी हाताला लागते. पाणी मारलं की रंग पहिल्यासारखा गडद दिसतो, वाळला की पुन्हा फिका. वॉटरलाइनला पिवळट तपकिरी पट्टा आहे आणि क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंटीच्या) बोल्टांखाली गंजाचे ओघळ उतरलेत. नाळेखाली (पुढच्या टोकाखाली), बोट वाळूत ओढताना जिथे टेकते तिथला जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत थर, पार गेलाय, मॅटचे (आतल्या काचतंतूच्या कापडाचे) धागे दिसतात. ट्रान्समवर, म्हणजे इंजिन लटकतं त्या मागच्या उभ्या फळीवर, इंजिनाच्या बोल्टांजवळ बारीक चिरा आहेत.

एक कारागीर म्हणतो सगळीकडे नवा जेलकोट मारू. दुसरा म्हणतो ऑइल पेंट मारा आणि मोकळे व्हा. सप्टेंबरअखेर बोट पाण्यात हवी आहे. पावसात यातलं काय जमेल, सामान किती लागेल, सुरुवात कुठून करावी? जाणकारांनी सांगावं.

मॅट४५०

ऑइल पेंटचा विषय आधी संपवू. भुकटी सुटलेल्या जेलकोटवर तो धरत नाही, एका हंगामात पापुद्रे निघतात, आणि मग आधी तो खरवडण्यात दुप्पट मजुरी जाते. नको.

ओलं केल्यावर रंग परततो हे चांगलं लक्षण आहे. जेलकोट म्हणजे रंगद्रव्य घातलेलं पॉलिस्टर रेझिन. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या थरातलं रेझिन तुटतं आणि रंगद्रव्याचे कण मोकळे पडतात. तीच तुमच्या हाताला लागणारी भुकटी. उरलेल्या खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो म्हणून निळा पांढरट दिसतो. पाण्याने ते बारीक खड्डे भरतात म्हणून ओला असताना गडद. म्हणजे रंग खाली शाबूत आहे, फक्त वरचा मेलेला पातळ थर काढायचा आहे. पांढऱ्या बोटीवरही हेच होतं, पण पांढऱ्यावर पांढरी भुकटी डोळ्यांत भरत नाही. गडद निळा आणि लाल लगेच उघडे पडतात.

आता खरा प्रश्न हा की खाली किती जेलकोट उरलाय. नव्या बोटीवर तो ०.४ ते ०.६ मिमी असतो. प्रत्येक घासणीत थोडा जातो, आणि कोपऱ्यांवर, कडांवर तो मुळातच पातळ बसलेला असतो. आधी कोणी ग्राइंडर फिरवून गेलं असेल तर आणखी कमी. म्हणून सामान आणायच्या आधी तपासणी.

पहिल्यांदा गोड्या पाण्याने आणि साध्या सौम्य साबणाने सगळी बाजू धुऊन घ्या. मिठाचे आणि वाळूचे कण राहिले तर पुढे पेपरखाली तेच ओरखडे पाडतात. तपकिरी पट्टा आणि गंजाचे ओघळ घासून काढू नका, ते ऑक्झॅलिक ॲसिडचं काम आहे. एक लिटर कोमट पाण्यात ५० ते ८० ग्रॅम पावडर विरघळवा. उभ्या बाजूवर पाणी टिकत नाही, म्हणून जुनं सुती फडकं त्यात भिजवून डागावर चिकटवा, १०–१५ मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, मग भरपूर पाण्याने धुवा. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याचा एक हात. रबरी हातमोजे आणि गॉगल हवाच, पावडर विषारी आहे. जस्ताचा मुलामा असलेल्या ट्रेलरवर किंवा साखळीवर हे पाणी पडू देऊ नका. संडास साफ करायचं ॲसिड कोणी सुचवेल, ते अजिबात नको. ते स्टीलच्या फिटिंगांना खातं आणि चार दिवसांत नवे ओघळ तयार करतं. ओघळ आलेत याचा अर्थ बोल्ट हलक्या स्टीलचे आहेत. काढून ३१६ ग्रेडचे बसवा, खाली सीलंट भरा, नाहीतर हा डाग दरवर्षी धुवत बसाल.

त्यानंतर जुनं मेण काढणं. बोटीला कधी मोटारीचं सिलिकॉनवालं पॉलिश लावलं असेल तर पुढे नवा जेलकोट किंवा रंग त्यावर फाटतो, गोल गोल डोळे पडतात. दोन फडकी घ्या: एक ॲसिटोनने ओलसर, दुसरं कोरडं. ओल्याने पुसलं की ते वाळायच्या आत कोरड्याने उचलायचं. एकाच फडक्याने पुसत राहिलात तर मेण एका जागेवरून दुसरीकडे जातं, एवढंच.

आता साधारण फूटभर लांब-रुंद असा तुकडा निवडा, बाजूच्या मधोमध. त्यावर पेन्सिलीने आडव्या-तिडव्या रेघा मारा. १००० नंबरचा वॉटर पेपर रबर ब्लॉकवर गुंडाळून, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून, हलक्या हाताने घासा. पेन्सिलीच्या रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या की थांबा. ब्लॉकखालून निघणारा चिखल बघा. निळा आहे तोवर जेलकोटच घासला जातोय. चिखलाचा रंग उतरून तो हिरवट किंवा मधासारखा पारदर्शक दिसायला लागला, किंवा निळ्याखाली धाग्यांची जाळी डोकावली, तर जेलकोट संपला, ब्लॉक उचला. हीच चाचणी नाळेच्या खांद्यावर आणि ट्रान्समच्या कोपऱ्यावर करा, आणि काय दिसलं ते इथे लिहा. मग पुढचं बोलू.

रबिंगवाला

मॅट४५० यांनी धुण्यापासूनचा क्रम बरोबर दिलाय. एकच भर: चाचणी १००० ने सुरू करण्याआधी त्याच तुकड्याच्या शेजारी नुसतं रबिंग कंपाऊंड हाताने घासून बघा. त्यानेच चमक आली तर पेपरची गरज नाही. कागद हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. आपल्याकडे बोट दिसली की खरखरीत ४०० नंबर हातात घ्यायची सवय आहे, आणि मग ४०० चे ओरखडे काढण्यातच अर्धा जेलकोट खर्च होतो.

मशीनबद्दल. साधा ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. त्याला पॅड लावून पॉलिश करणं म्हणजे जेलकोट जाळणं. वेग कमी-जास्त करता येणारं ७ इंची पॉलिशर भाड्याने घ्या. कंपाऊंड लोकरी पॅडने १२०० ते १८०० फेऱ्यांवर, नंतर बारीक पॉलिश फोम पॅडने १००० ते १२०० वर. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या. कंपाऊंड पॅडवर नव्हे, बाजूवर चार-पाच ठिकाणी वाटाण्याएवढं लावा. आधी मशीन बंद ठेवून पॅडने पसरवा, मग चालू करा, नाहीतर पहिल्याच फेरीत सगळं कंपाऊंड तुमच्या शर्टावर. पॅड सपाट ठेवा, फक्त कड टेकवून दाबू नका. सतत सरकतं ठेवा. हात लावल्यावर बाजू कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर पॉलिस्टर मऊ पडतंय, पॅड उचला.

पॅडच्या लोकरीत मेलेला जेलकोट आणि वाळलेलं कंपाऊंड अडकत जातं. दोन-तीन भाग झाले की पॅड ब्रशने किंवा बोथट स्क्रू ड्रायव्हरने विंचरून घ्या. हे केलं नाही की पॅड घासायचं सोडून नुसतं गरम करतं, आणि बाजूवर गोल गोल सावल्या उमटतात. त्या मांडवाखाली दिसत नाहीत, बोट उन्हात बाहेर काढली की गडद निळ्यावर लख्ख दिसतात. म्हणून प्रत्येक भाग झाला की मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघायची सवय ठेवा.

कडांना आणि अक्षरांच्या कडेला मास्किंग टेप लावा. कडेवर जेलकोट सर्वांत पातळ आणि पॅडचा दाब सर्वांत जास्त. नोंदणी क्रमांकावर मशीन नेऊ नका.

पेपर लागलाच तर ८००, १०००, १५०० हा क्रम. प्रत्येक नंबर आधीच्याच्या आडव्या दिशेने, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. १५०० नंतर कंपाऊंडला फारसं काम उरत नाही. नंबर गाळू नका. ८०० वरून थेट कंपाऊंडवर गेलात तर चमक येईल, पण तिच्या आत रेघा राहतील.

सामान: तुमच्या बोटीची एक बाजू धरा साधारण ६.७ मीटर लांब, पाण्याच्या वर सरासरी ०.७ मीटर. दोन्ही मिळून साडेनऊ चौरस मीटरच्या आसपास. चौरस मीटरला प्रत्येक नंबरचं एक ते दीड पान लागतं. कंपाऊंड एक लिटर, पॉलिश अर्धा लिटर, मेण २०० ग्रॅमचा एक डबा, दोन लोकरी पॅड, दोन फोम पॅड. पाण्याने घासताना विजेचं मशीन वापरणार असाल तर लाइनवर आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) हवाच. ओल्या वाळूत अनवाणी उभं राहून जोडाजोडीची वायर वापरणारे बघितले की पोटात गोळा येतो.

किनाराकर

मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे चाचणी केली. नुसत्या कंपाऊंडने थोडा फरक पडला, पण पांढरटपणा राहिला. १००० ने मात्र मधल्या भागात चिखल गडद निळा, आणि वर कंपाऊंड मारल्यावर आरशासारखं झालं. ट्रान्समच्या कोपऱ्यावरही निळाच. नाळेच्या दोन्ही खांद्यांवर मात्र चार-पाच वेळा ब्लॉक फिरवताच हिरवट डाग दिसले, तळहाताएवढे, डावीकडे दोन, उजवीकडे एक. तिथे लगेच थांबलो.

म्हणजे बाजू घासून होतील आणि खांद्यांवर व नाळेखाली नवा जेलकोट, बरोबर ना? जवळच्या दुकानात जेलकोट, हार्डनर आणि ॲक्सिलरेटर असे तीन डबे देतात. प्रमाण विचारलं तर "अंदाजाने घाला" म्हणाले.

खाजणकाठ

किनाराकर, "अंदाजाने" या एका शब्दाने जितके जेलकोट बिघडतात तितके दुसऱ्या कशाने बिघडत नसतील.

सगळ्यांत आधी एक नियम, भिंतीवर लिहून ठेवा: हार्डनर म्हणजे एमईकेपी, ॲक्सिलरेटर म्हणजे कोबाल्ट. हे दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. पेटतं, स्फोटही होतो. एकच चमचा दोघांना वापरायचा नाही, दोन्ही बाटल्या शेजारी ठेवायच्या नाहीत. आधी ॲक्सिलरेटर जेलकोटमध्ये घालून पूर्ण ढवळायचा, आणि मगच हार्डनर. दुकानदाराला आधी विचारा की जेलकोटमध्ये ॲक्सिलरेटर घालूनच येतो का. बऱ्याच डब्यांत तो असतो, वरून पुन्हा घातला तर पाच मिनिटांत डब्यातच दगड. घालायचा असेल तर डब्यावर जेवढं लिहिलंय तेवढाच, कारण कोबाल्टचं द्रावण वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. एमईकेपी डोळ्यात गेलं तर कायमची इजा होऊ शकते. गॉगल घाला, पाण्याची बादली हाताशी ठेवा. उडालंच तर निदान १५ मिनिटं धुवत राहा आणि थेट डॉक्टरकडे.

हार्डनरचं प्रमाण वजनाने १.२ ते २ टक्के. आपल्या हवेत दीड टक्का योग्य. जेलकोट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला आणि हार्डनर सुईविना १ मिलीच्या सिरिंजने घ्या. ५० ग्रॅम जेलकोटला दीड टक्क्याने ०.६५ मिली, १०० ग्रॅमला १.३ मिली. ५० ग्रॅमपेक्षा कमी मिश्रण करू नका. एखादा थेंब इकडेतिकडे झाला की लहान मिश्रणात टक्केवारी कुठल्या कुठे जाते. लवकर वाळावं म्हणून जास्त हार्डनर घातला की जेलकोट ठिसूळ होतो, चिरा पडतात, रंगही बदलतो. एक टक्क्याच्या खाली गेलात तर वरून वाळल्यासारखा दिसतो, पण आतून कच्चा राहतो, आणि तोच पुढच्या वर्षी सगळ्यांत आधी भुकटी सोडतो. घातल्यावर दोन मिनिटं ढवळा, डब्याच्या कडा आणि तळ खरवडत. तीस अंशांच्या आसपास पंधरा मिनिटांच्या आत वापरून टाकायचं.

दुसरी गोम मेणाची. जेलकोट हवेत पूर्ण वाळत नाही. ऑक्सिजन वरच्या थराची प्रक्रिया अडवतो म्हणून पृष्ठभाग चिकट राहतो. बोट साच्यात बनते तेव्हा जेलकोट साच्याला चिकटलेला असतो, हवा लागतच नाही. दुरुस्तीत ती सोय नाही. म्हणून शेवटच्या हातात स्टायरीनमध्ये विरघळवलेलं पॅराफिन मेण २ ते ४ टक्के घालतात. ते वर तरंगून हवा अडवतं. फक्त शेवटच्या हातात. पहिल्या हातात मेण घातलं आणि न घासता त्यावर दुसरा मारला, तर तो मेणावर बसतो आणि नखाने निघतो.

तुमच्या तळहाताएवढ्या डागांसाठी मेणाचीही गरज नाही. पद्धत अशी. डागाच्या बाहेर बोटभर जागा सोडून मास्किंग टेप लावा. आतला भाग १२० ने, कडा २२० ने घासून निमुळत्या करा. ॲसिटोनने पुसा, पूर्ण उडू द्या. जेलकोटमध्ये थोडी एरोसिल पावडर घाला, इतकी की चमच्यावरून ओघळ न होता गोळा पडावा. मऊ श्रीखंड होईपर्यंत. पावडर हार्डनरच्या आधी घालायची, मास्क लावून. मग प्लास्टिकच्या पट्टीने भरा, टेपच्या उंचीपेक्षा किंचित वर. त्यावर ओएचपी शीटचा पारदर्शक तुकडा एका बाजूने लोळवत ठेवा आणि पट्टीने हवा बाहेर काढा. शीटखाली बुडबुडा दिसला तर तिथेच परत दाबा, वाळल्यावर तो खड्डा होतो. शीट उभ्या बाजूवरून सरकू नये म्हणून वरून टेप. दुसऱ्या दिवशी शीट ओढली की खाली काचेसारखा कडक जेलकोट. चिकट लागला तर हार्डनर कमी पडलाय. चोवीस तासांनंतर ३२० ने सपाट करा, मग ६००, ८००, १०००, १५००, आणि कंपाऊंड.

रंग जुळवणं हे वेळखाऊ काम. आत्ताच्या फिक्या बाजूशी नव्हे, तर घासून चमकवलेल्या तुकड्याशी जुळवा. म्हणून बाजू आधी, डाग नंतर. निळ्यात काळ्याचा किंवा पांढऱ्याचा एखादा ठिपकासुद्धा फरक करतो, काडीच्या टोकाने घाला. नमुना नेहमी हार्डनर घालून, वाळवून, १००० पर्यंत घासून बघा. ओल्या जेलकोटचा रंग फसवा असतो. रंगाची पेस्ट एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या पुढे नेऊ नका, जेलकोट कच्चा राहतो. आणि दहा वर्षं ऊन खाल्लेल्या निळ्याशी शंभर टक्के जुळेल ही अपेक्षा सोडा. पाच फुटांवरून ओळखू आला नाही म्हणजे जमलं.

पाण्याबद्दल. कोकणात जुलैत हवेत ९० टक्के दमटपणा असतो. २८ अंश तापमानाला दवबिंदू २६ च्या वर जातो. जेलकोट मारताना बोटीचा पृष्ठभाग दवबिंदूच्या निदान ३ अंश वर हवा, म्हणजे २९ च्या पुढे. ताडपत्रीखालच्या मांडवात तो मिळत नाही. हाताला कोरडी लागणारी बाजूसुद्धा पाण्याचा अदृश्य थर घेऊन बसलेली असते, आणि जेलकोट त्या थरावर धरतो, बोटीवर नाही. म्हणून पावसात धुणं, डाग काढणं, घासणं, कंपाऊंड हे उरका. हे सगळं ओल्यानेच व्हायचं आहे. खांद्यांवर जेलकोट भरायचं काम उघडीप मिळाली की करा: दमटपणा ८० च्या खाली, ५०० वॅटचा हॅलोजन दोन-तीन फुटांवर लावून तासभर आधी आणि वाळेपर्यंत. हात ठेवता येईल इतकीच ऊब. ॲसिटोनची फडकी आणि डबे तिथून लांब ठेवून मगच दिवा लावा. शंभर-दोनशे रुपयांचा तापमान-आर्द्रता दाखवणारा डबा मांडवात टांगून ठेवा.

मॅट४५०

नाळेखालच्या भागाला मात्र नुसता जेलकोट चालणार नाही. धागे दिसतायत म्हणजे मॅट झिजलीय आणि त्या धाग्यांतून खारं पाणी आत ओढलं गेलंय. गोड्या पाण्याने पाच-सहा दिवस रोज धुवा, मध्ये वाळू द्या, म्हणजे मीठ निघेल. मग ८० नंबरने घासून, पूर्ण कोरडं करून, ४५० ग्रॅमच्या चॉप मॅटचे दोन थर. पहिला तुकडा झिजलेल्या भागाएवढा, दुसरा सगळीकडून ५ सेंमी मोठा. मॅटच्या वजनाच्या अडीच पट रेझिन, आयसो ग्रेडचं. साधं जीपी रेझिन पाण्याखाली तितकं टिकत नाही. रोलरने हवा काढा. पांढरा ठिपका राहिला म्हणजे तिथे हवा आहे.

त्यावर जेलकोटचे दोन हात ब्रशने, प्रत्येकी पाव मिमीच्या आसपास. चौरस मीटरला नासाडी धरून पाऊण किलो. पहिल्या हातावर बोट टेकवा: ठसा उठतो पण बोटाला रंग लागत नाही, तेव्हा दुसरा. दाट वाटतो म्हणून थिनर घालू नका. तो आत अडकतो आणि बारीक छिद्रं पडतात.

आणि ओढायची पद्धत बदलली नाही तर हे सगळं दोन हंगामांत पुन्हा वाळूला जाईल. कितीही चांगला जेलकोट घ्या, वाळूवर घासण्यासाठी तो बनलेला नाही. कीलखाली (तळाच्या मधल्या कण्याखाली) अर्धगोल स्टेनलेस पट्टी किंवा एचडीपीई या टणक प्लास्टिकची पट्टी बसवा, किंवा निदान खाली ओंडके टाका.

रंगाचाहात

थोडं वेगळं मत. खांद्यांवर तीन डाग आहेत म्हणजे आसपासचा जेलकोटही कागदासारखा झालाय. यंदा घासून चमकेल, पण पुढच्या खेपेला घासायला काही उरणार नाही. अशा बोटीला दोन भागांचा पॉलीयुरेथेन (पीयू) रंग हा जास्त दिवसांचा उपाय. बाजू ३२० ने घासून निस्तेज करा, खड्डे भरा, दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, ४०० ने घासणं, मग पीयूचे तीन पातळ हात. फोम रोलरने लावायचा आणि लगेच मऊ ब्रशच्या टोकाने बुडबुडे मोडायचे. साडेनऊ चौरस मीटरला प्रायमर अडीच-तीन लिटर, पीयू चार लिटर. लिटरला एका हातात सात-आठ चौरस मीटर धरून हा हिशोब आहे.

पीयू दमट हवेत मारला तर चमकच मरते, बुडबुडे येतात. म्हणून सप्टेंबरची घाई असेल तर नकोच, पाऊस नीट सरल्यावर. सतत पाण्याखाली राहणाऱ्या भागावरही नको. आणि स्प्रे मारणार असाल तर त्यातल्या आयसोसायनेटपुढे साधा कापडी मास्क काहीच कामाचा नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर रोलरच बरा, तोही मोकळ्या हवेत आणि कार्बन कार्ट्रिजचा मास्क लावून.

एकदा इपॉक्सी चढलं की त्यावर पुन्हा पॉलिस्टर जेलकोट नीट धरत नाही. म्हणजे हा रस्ता घेतला की परत फिरणं नाही, हेही लक्षात घ्या.

रबिंगवाला

रंगाचाहात यांचं म्हणणं पटतं, पण बाजूंचा मधला भाग चाचणीत गडद निळा निघालाय. जिवंत जेलकोट झाकून टाकायची घाई कशाला? यंदा डाग भरा, बाजू घासा, मेण लावा. मेण नीट राखलं तर पुढची घासणी कितीतरी लांबते. कंपाऊंडने चमक येते, पण ती टिकवतं मेण. उघडा सोडला तर आपल्या उन्हात काही महिन्यांत पुन्हा भुकटी.

कार्नौबा मेणाचे दोन हात, मध्ये काही तासांचं अंतर. पातळ लावा, धुरकट वाळलं की मायक्रोफायबरने पुसा. आपल्याकडे ते दोन-तीन महिन्यांच्या पुढे जात नाही. पॉलिमर सीलंट थोडं जास्त चालतं. पाणी मारून बघायचं: थेंब गोल उभे राहिले तर मेण आहे, पसरले तर लावायची वेळ झाली. रोजच्या फेऱ्या संपल्यावर गोड्या पाण्याने धुणं हे मेणाइतकंच महत्त्वाचं. मेण नव्याने भरलेल्या डागांवर आठवडाभर लावू नका, आणि तळाला ॲन्टिफाउलिंग (शेवाळ-शिंपले रोखणारा रंग) मारणार असाल तर त्या रेषेच्या खाली बिलकुल नको, रंग सुटतो.

फरशीचं ॲक्रिलिक पॉलिश चार हात मारून चमकवतात, त्याच्या नादी लागू नका. लावल्या दिवशी झकास, नंतर पिवळं पडतं, सोलतं, आणि काढायला केमिकल लागतं.

होडीसडा

मध्येच विचारतो. आमची लाकडी होडी आहे, वरून फायबर मारलेलं. तिच्यावर फुगे येतायत. तेही असंच घासून जाईल का?

मॅट४५०

नाही. लाकडावरच्या फायबरचे फुगे बहुतेक वेळा ओल्या लाकडाचे असतात. फायबर लाकडापासून सुटलेलं असतं, वरचा जेलकोट घासून काही होत नाही. वेगळा धागा काढा, होडीचं लाकूड आणि फायबर कधी मारलं ते लिहा.

किनाराकर, तुमच्या तळालाही फुगे आहेत का ते बघून घ्या. एखादा फोडल्यावर आतून व्हिनेगरसारखा वास येणारं पाणी निघालं तर ते ऑस्मोसिस, म्हणजे फायबरमध्ये मुरलेलं पाणी. त्यावर जेलकोट मारायचा नसतो. फुगे उघडून, धुऊन, महिना-दोन महिने वाळवून इपॉक्सीचा थर देतात.

किनाराकर

तळाला फुगे नाहीत. बाजू घासायला उद्यापासून सुरुवात. पीयूचा विचार पुढच्या वर्षी. ट्रान्समच्या चिरांचं राहिलंच. त्याही खांद्यांच्या डागांसारख्या भरून टाकू का?

खाजणकाठ

थांबा, त्या आधी तपासा. चिरा कशा आहेत यावर सगळं आहे. एका ठिकाणापासून चांदणीसारख्या फुटल्या असतील तर ठोकर लागलेली आहे. बोल्टांपासून किंवा कोपऱ्यांपासून समांतर रेघा निघाल्या असतील तर ट्रान्सम इंजिनाच्या ओढीने वाकतोय. जेलकोट कडक, खालचं फायबर लवचिक, म्हणून आधी जेलकोट तडकतो. नुसत्या भरल्या तर पहिल्याच महिन्यात त्याच जागी परत येतील.

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळ्या ट्रान्समवर ठोकत जा. टणक आवाज आला तर बरं, बद्द आवाज आला तर आतलं प्लायवूड कुजलंय किंवा फायबरपासून सुटलंय. इंजिन वरच्या बाजूने धरून पुढे-मागे हलवा आणि कोणाला तरी चिरांकडे बघायला सांगा. उघडमिट होताना दिसतात. शंका वाटली तर आतल्या बाजूने, खालच्या बोल्टाजवळ ६ मिमीचं भोक पाडा, प्लायवूडपर्यंतच, आरपार नको. भुसा कोरडा, फिका आला तर भोक इपॉक्सीने बुजवा आणि चिरा भरा. चिरांचा तोंडाकडचा भाग टोकदार स्क्रेपरने V आकारात उघडायचा, दोन-तीन मिमी रुंद, नाहीतर दाट जेलकोट आत उतरतच नाही, वरवर बसतो. बोल्टांची भोकंही काढून बघा. आतली कड सीलंटशिवाय उघडी असेल तर पाणी तिथूनच शिरतं.

भुसा काळा, ओला, कुबट वासाचा निघाला तर बाजूंचं पॉलिश बाजूला ठेवा आणि ट्रान्समचा कारागीर आधी बघा. कुजलेल्या प्लायवूडवर इंजिन लटकवून पर्यटक न्यायचे नाहीत.

किनाराकर

आत्ताच ठोकून आलो. डाव्या बोल्टाखाली वीतभर जागा बद्द वाजते, बाकी टणक. इंजिन उतरवून उद्या भोक पाडतो आणि भुशाचा फोटो टाकतो.

खाजणकाठ

फोटो उजेडात काढा, शेजारी कोरड्या प्लायवूडचा भुसा ठेवून. आणि बद्द जागेची हद्द पेन्सिलीने आखा. आवाज जिथे बदलतो तिथे खूण करत गेलात की कापायचा भाग किती ते आपोआप दिसेल.